डुगडुगत नाही, तरी धोकादायक

साहेब, चोरी तुम्ही केली आहे. शब्द टोचत असेल तर टोचू द्या. जप्ती, ताबा, नमुना असे गुळगुळीत शब्द तुमच्याकडे ढिगाने आहेत. पण नऊ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांनी केलेलं स्टूल, तिच्याच वाढदिवशी, तिच्या पायाखालून काढून न्यायचं, याला सरळ भाषेत चोरी म्हणतात. तुमची खिडकी कितवी आणि मजला कुठला ते मी लिहीत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्ज केला आहे, त्याला ती अंधारातही सापडेल. आणि 'आम्ही फाइल वाचली आहे' हे सांगू नका. फाइलमध्ये सगळं असतं, फक्त घडलेलं नसतं. घडलं ते असं.

मुलीचा बाप विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं गोदाम जळतं, कुणाची गाडी झाडावर चढते, माणसं रडतरडत फॉर्म भरतात, आणि त्या फॉर्मातली चूक हुडकून तो परत पाठवणं हे याचं काम. सही चौकटीबाहेर गेली एवढ्यावर त्याने एक अख्खं जळालेलं गोदाम परत पाठवलं होतं. ऑफिसात त्याला त्रुटीराव म्हणतात. आधी पाठीमागे म्हणत, आता तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. माणूस वाईट नाही. नियम पाळला की जग जागच्या जागी राहतं, अशी त्याची समजूत होती. ती तुम्ही मोडलीत, हा तुमच्यावर दुसरा आरोप. तो नंतर.

मुलीला घरात बटण म्हणतात, कारण ती आहेच तेवढी. वर्गात उंचीने सगळ्यांत शेवटची. तिला सगळे उचलतात. शाळेत फोटो काढताना बाई तिला फुलदाणीसारखी उचलून पुढे ठेवतात. बेसिनपाशी आई उचलते, पुस्तकांच्या कपाटापाशी बाप उचलतो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसंसुद्धा "कितवा मजला गं बाळ?" म्हणत काखेत हात घालतात. गेल्या वाढदिवसाला, त्या स्पंजाच्या चौकोनांनी भरलेल्या खेळघरात, अस्वलाचा पोशाख घातलेल्या माणसाने तिला उचललं, डोक्यावर नाचवलं आणि माइकवरून दुसऱ्याच मुलीचं नाव घेऊन शुभेच्छा दिल्या. घरी जेवताना बटण म्हणाली, "पुढच्या वेळी मला पार्टी नको. मला स्टूल करायचंय. माझं मी. मग मला कुणी उचलायचं नाही."

त्रुटीरावांनी शब्द दिला. मुलीला दिलेला शब्द. त्याला चौकट नसते, त्यामुळे परतही पाठवता येत नाही.

जागा बायकोने शोधली. बायको औषधांच्या दुकानात बसते आणि गावभराची दुखणी तिला ठाऊक असतात. पाठदुखीचं मलम न्यायला येणाऱ्या एक सुतारकाम करणाऱ्या बाई होत्या. वय साठीच्या पुढे, मनगट खलाशासारखं. सगळे त्यांना मिस्त्रीबाई म्हणत. रविवारी त्यांच्या कारखान्यात मुलं येत, काहीबाही ठोकत, घरी नेत. अकरा वर्षं हे चालू होतं. तिथे एकच नियम होता: अर्धं काम दाराबाहेर जात नाही. हाती घेतलं ते पुरं करायचं, मग घर.

"नऊ मुलं, नऊ स्टुलं," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी दहाला या. केक आणा. फुगे नकोत, करवतीपाशी फुटला की हात हलतो."

झालं होतं हो काम! इथेच गोष्ट संपायची. पण त्रुटीरावांच्या तोंडून निघून गेलं, "आणि परवानगी?"

"कसली?"

"म्हणजे... मुलं, हत्यारं, कार्यक्रम. कुणाचीतरी लागतच असेल."

"अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही."

"म्हणूनच," त्रुटीराव म्हणाला. जणू अकरा वर्षांचं थकलेलं पाप समोर उभं होतं.

घरी येऊन त्याने हे इमारतीत बोलून दाखवलं, ही दुसरी चूक. खालच्या मजल्यावर पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले काका राहतात. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे अधिकार उरला नाही, पण सल्ला भरपूर उरला आहे. "लेखी घे," काका म्हणाले. "तोंडी काय, उद्या कुणी नाही म्हणेल. लेखी असलं की कसं, कुणाच्या बापाला भ्यायला नको." वरच्या मजल्यावरच्या मावशी जिन्यातच म्हणाल्या, "अरे, लाकूड, खिळे, करवत! वाढदिवस आहे का दुरुस्ती? माझ्या नातवाचा बघ, सगळं स्पंजाचं होतं. मुलं पडली तरी हसत होती." मावशींच्या मते बालपण म्हणजे पडलं तरी आवाज न येणं. बायको म्हणाली, "तू ना, कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जातोस. गप्प बस."

तो गप्प बसला नाही. त्याने तुम्हाला पत्र लिहिलं: 'सदर कार्यक्रमास परवानगी आवश्यक आहे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' साहेब, विचारलं हा त्याचा गुन्हा मान्य. पण उत्तर दिलंत हा तुमचा. दर वर्षी हजारो पत्रं तुमच्याकडे येतात आणि तशीच पिवळी पडतात. नेमकं याच पत्राला तुम्हाला हात लावावासा का वाटला? चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

"प्रकार?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"वाढदिवस."

"वाढदिवस हा प्रकार नाही. मनोरंजन, खाद्यगृह, शिक्षणसंस्था, कारखाना. यातलं काय?"

"केक आहे थोडा."

"म्हणजे खाद्यगृह."

"पण मुलं स्टुलं करणार आहेत. सुतारकामाच्या कारखान्यात."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "कारखान्यात मुलं माल तयार करणार?"

"माल नाही हो, स्टुलं."

"किती मुलं? वय?"

"नऊ. वयही नऊच. म्हणजे आठ ते दहा."

"पगार देणार?"

"छे हो! वाढदिवस आहे!"

"म्हणजे बिनपगारी," बाई लिहितालिहिता म्हणाल्या. "आणि सुट्टीच्या दिवशी."

त्या दुपारी त्रुटीराव तीन मजले चढला आणि चार वेळा उतरला. बालकामगारांच्या टेबलावर त्याला सांगितलं, इथे तक्रार घेतात, परवानगी देत नाहीत. मुलांना राबवायची परवानगी मागायला आलेला पहिलाच माणूस तुम्ही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून त्याचा चेहरा नीट पाहून ठेवला. विमा कंपनीत ज्याच्यासमोर माणसं हात जोडून उभी राहतात, तो तिथे हात जोडून उभा राहिला. एकाने त्याचा अर्ज परत केला, कारण सही चौकटीबाहेर गेली होती. त्रुटीरावांनी ती सही बराच वेळ पाहिली. बाहेर गेली होती खरी.

शेवटी परवानगी आली, अकरा अटींसह. पहिली अट, धारदार हत्यारे वापरू नयेत. चौथी, सर्व हत्यारे वापरात नसताना तसेच वापरात असताना कुलूपबंद ठेवावीत. ही अट मी बनवलेली नाही, शिक्क्यासह आहे. सातवीत प्रथमोपचाराच्या पेटीतल्या एकतीस वस्तूंची यादी होती. नववीत म्हटलं होतं की कापण्याची क्रिया शक्यतो प्रतीकात्मक असावी.

मिस्त्रीबाईंनी ते पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग भुसा झटकून बसल्या आणि परत वाचलं.

"प्रतीकात्मक म्हणजे?"

"म्हणजे... कापल्यासारखं करायचं."

"आणि बसताना? बसल्यासारखं?" त्यांनी भिंतीवरची करवत काढली आणि त्याच्या हातात दिली. "हिची धार बघा. धारेची करवत लाकडात जाते. बोथट करवत घसरते आणि मग बोटात जाते. अकरा वर्षांत एका पोराचं बोट कापलेलं नाही, ते धारेमुळे. ज्याने हे लिहिलं त्याने कधी पेन्सिलीला टोक केलंय का?"

त्रुटीराव घरी परतला तेव्हा बटण दारात उभी होती. तिने वहीच्या पानावर स्टुलाचं चित्र काढलं होतं, चारी पायांवर मापं लिहून. "बाबा, एवढं उंच असलं की बेसिनला माझे कोपर टेकतात. मी मोजलं," ती म्हणाली. "होणार ना?"

चौदा वर्षांच्या नोकरीत ज्याने एकही नियम वाकवला नाही, त्या माणसाने त्या संध्याकाळी ठरवलं की अटी मोडायच्या. उघड. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा क्षण होता, आणि इतर कुणीही असता तर त्याने तो असाच गुपचूप पचवून रविवारी मजेत स्टुलं केली असती. पण हा त्रुटीराव. रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने तुम्हाला दुसरं पत्र लिहिलं: 'अट क्रमांक एक, चार व नऊ यांचा रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून भंग करण्यात येणार असल्याची ही पूर्वसूचना समजावी.' खाली पत्ता. पत्त्याखाली खुणा. खुणांखाली हाताने काढलेला नकाशा.

दुसऱ्या दिवशी बायकोने पत्राची पोच पाहिली आणि कपाळाला हात लावला. "चोर पोलिसांना वाट दाखवतो का रे?"

"मी चोर नाही," तो म्हणाला. "लपवायचं काय त्यात?"

असं कुणी म्हटलं की त्याच्यावर रागावता येत नाही, ही बायकोची जुनी अडचण.

रविवार उजाडला. आठ पाहुणे आणि बटण. एका मुलाला त्याच्या वडिलांनी हेल्मेट, डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून चष्मा, कोपरांचे पॅड, गुडघ्यांचे पॅड आणि भट्टीवर काम करताना घालतात तसले जाड हातमोजे घालून पाठवलं होतं. त्याला पेन्सिल धरता येईना. मिस्त्रीबाईंनी सगळं काढून खुंटीवर टांगलं, डोळ्यांचा चष्मा तेवढा ठेवला. "चष्म्याशिवाय कुणीही कामाच्या ओट्यापाशी येणार नाही. मीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, आणि ही एकच अट मुलांनी एका दमात पाळली. अकरा अटी लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मग माप, मग काटकोनासाठी गुण्या लावून रेघ, मग करवत. सुरुवातीला करवत नाचली. मिस्त्रीबाई प्रत्येकाच्या मागे उभ्या राहून सांगत, "दाबू नकोस. ओढ. तिचं काम तिला करू दे." हळूहळू कारखान्यात एकसारखा घासल्याचा आवाज झाला. मावशींच्या नातवाने एक पाय आखूड कापला, तो वाढवता येईना, म्हणून बाकीचे तिन्ही कापले; मग तो चौथा लांब निघाला. असं करत करत त्याच्या स्टुलाची उंची जमिनीशी सलोखा करायला आली. "बसायला सोपं झालं," तो म्हणाला. केक करवतीने कापूया अशी टूम निघाली, ती मिस्त्रीबाईंनी एका नजरेत मोडली. "करवत लाकडाची आहे. अपमान करायचा नाही." केक रेघा मारायच्या ताणलेल्या दोरीने कापला, नऊ सरळ तुकडे, एकही कण इकडे तिकडे नाही.

सव्वाबाराला दारात तुमचे निरीक्षक उभे राहिले. हातात नकाशा होता.

"ताबडतोब बंद करा."

"चष्मा," एक मुलगी म्हणाली.

"काय?"

"काका, चष्मा घाला. ओट्यापाशी यायचं तर चष्मा लागतो."

निरीक्षकांनी इकडे तिकडे पाहिलं. नऊ मुलं आणि एक म्हातारी मोठ्या गोल चष्म्यांतून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी चष्मा घातला. साहेब, तुमच्या निरीक्षकांबद्दल माझं चांगलं मत तेवढ्यापुरतं आहे.

"काम बंद," ते पुन्हा म्हणाले, पण चष्म्यामुळे आवाज तसा बसला नाही.

"अर्धं काम दाराबाहेर जात नाही," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "आता खुंट्यांना सरस लावलाय. क्लॅम्प लावून दोन तास ठेवावं लागतं. पंचनाम्यावर माझी सही पाहिजे ना? ती काम संपल्यावर. तोवर केक घ्या."

निरीक्षक दोन तास बसले. बसायला मावशींच्या नातवाचं स्टूल होतं, तेवढं एकच सरसाऐवजी खिळ्यांनी ठोकलेलं; गुडघे कानाला लागले. त्यांनी ओट्याच्या कडेला कागद पसरले, कानसा मोजल्या, पटाश्या मोजल्या, मुलं मोजली. पानं एकत्र टाचताना त्यांची टाचणी बोटात घुसली आणि रक्ताचा थेंब पंचनाम्यावर पडला. त्या दिवशीची ही एकमेव जखम. प्रथमोपचाराची एकतीस वस्तूंची पेटी उघडली ती त्यांच्यासाठी. बटणने पट्टी लावली.

दोन तासांनी क्लॅम्प सोडले. नऊ स्टुलांपैकी आठ डुगडुगली, कमीजास्त. बटणचं डुगडुगलं नाही. तिने ते जमिनीवर ठेवलं, हाताने हलवून पाहिलं आणि वर चढली. पलीकडे कारखान्याची उंच खिडकी होती. तिने आपलं आपण बाहेर पाहिलं. बराच वेळ. त्रुटीरावांनी पाठ फिरवली आणि कानसा पुन्हा मोजायला घेतल्या.

"नमुना लागेल," निरीक्षक म्हणाले. "हे पक्कं दिसतंय. हे घेतो."

त्रुटीरावांनी मिस्त्रीबाईंकडे पाहिलं. मिस्त्रीबाईंचा चेहरा उतरला होता. "काम पुरं झालंय," त्या हळू म्हणाल्या. "आता माझ्या नियमात अडवता येत नाही." अडवायचं बापाने होतं. बाप म्हणाला, "रीतसर पावती द्या." त्या एका वाक्याची त्याला आजही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

बटण खाली उतरली. रडली नाही. "पावतीत नीट लिहा," ती म्हणाली.

निरीक्षकांनी लिहिलं: स्टूल, लाकडी, एक, धोकादायक.

"डुगडुगत नाही, हेपण लिहा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आपल्या बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि लिहिलं. म्हणून तुमच्या कागदांत नोंद आहे: स्टूल (डुगडुगत नाही), धोकादायक.

त्यानंतर त्रुटीराव रोज जेवणाच्या सुट्टीत तुमच्या खिडकीवर आला. पहिल्या आठवड्यात 'मूल्यमापन चालू आहे.' दुसऱ्यात 'मूल्यमापन करणारे रजेवर आहेत.' ऑफिसात त्याने दावे परत पाठवणं थांबवलं. सही बाहेर गेलेली असली की तो त्या माणसाला फोन करून म्हणे, "या, इथेच बसून करा परत." वरिष्ठांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. एकदा खालचे काका म्हणाले, "सोड रे, नवीन घे एखादं, प्लॅस्टिकचं." त्रुटीराव त्यांच्यावर ओरडला. जिन्यात. मावशी वरून वाकून बघत होत्या. त्या इमारतीत हा आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

तेविसाव्या दिवशी त्याने खिडकीतून आत पाहिलं तेव्हा तुमचा दप्तरी वरच्या फळीवरून गठ्ठा काढत होता. उभा कशावर होता, ते सांगायला नको.

"ते आमचं स्टूल आहे," त्रुटीराव म्हणाला.

"हे होय?" दप्तरी वरूनच म्हणाला, प्रेमाने. "फार चांगलंय हो. अजिबात डुगडुगत नाही. आधीच्या खुर्चीवरून दोनदा पडलो मी."

"कोणती फाइल काढताय?"

दप्तरीने गठ्ठ्यावरची धूळ फुंकली. "तुमचीच. स्टुलाची."

दुसऱ्या दिवशी तो बटणला घेऊन आला. शाळेच्या कपड्यांतच. खिडकी तिच्या डोक्याच्या वर हातभर.

"माझं स्टूल द्या," बटण म्हणाली.

"कोण बोलतंय?" आतून बाईंचा आवाज आला. "दिसत नाही. अहो, जरा उचला तिला."

त्रुटीरावांचे हात सवयीने पुढे झाले. बटणने मान वर करून पाहिलं. त्याने दोन्ही हात खिशांत घातले आणि तसेच ठेवले.

"मला कुणी उचलणार नाही," बटण खिडकीखालून म्हणाली, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. "माझं स्टूल आत आहे. ते द्या, मग मी दिसेन."

मागची बाई म्हणाली, "द्या की हो." तिच्या मागचा म्हणाला, "आमचं काम राहू दे, आधी तिचं." आतून खिडकीची फळी पडली. जेवणाची वेळ नव्हती.

तेव्हापासून शाळा सुटली की बटण येते. आज सहावा दिवस. खिडकीखाली उभी राहते, पावती हातात, आणि दर पाच मिनिटांनी एकदाच सांगते: माझं स्टूल आत आहे. रांग आता तिच्यासाठी थांबते. मिस्त्रीबाई रविवारी मुलांना शिकवतातच, दार उघडं ठेवून, करवतींना धार लावून. पुढच्या रविवारची सूचना तुम्हाला गेलेली आहे, नकाशा जोडला आहे, आणि या खेपेला त्यावर त्रुटीरावांची सही चौकटीच्या बरीच बाहेर आहे, मुद्दाम.

आता साहेब, तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. ते स्टूल धोकादायक असेल, तर तुमचा दप्तरी रोज त्यावर कुणाच्या परवानगीने चढतो? आणि धोकादायक नसेल, तर ते अजून तुमच्या खोलीत काय करतंय? दोन्हींपैकी एक काहीतरी खरं असणारच. कुठलं, ते सांगा. मार्गदर्शन नको, मूल्यमापन नको, तोंडी तर मुळीच नको. लेखी सांगा, आणि खिडकीतून खाली वाकून, त्या मुलीच्या हातात द्या.